रिकामी नळी

शालनच्या हाताला यश आहे, असं बेंगळूरच्या चामराजपेटेत कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर शालन स्वतः सांगेल. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ॲक्युपंक्चरचं क्लिनिक, तीन टेबलांचं. नवरा गेल्यावर एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करता करता तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली ती सुया टोचायला शिकली, मग रीतसर परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या वर लावलं. वर हं, खाली नाही. इंदिरानगरहून मान आखडलेली आयटीतली पोरं यायची, मल्लेश्वरमहून गुडघे धरून बायका यायच्या. जाताना कुणी "स्वल्प बरं वाटतंय अक्का" म्हणालं की शालनचं डोकं फिरायचं. "स्वल्प कसलं? बरं वाटतंय म्हणा की सरळ!" असं म्हणून ती माणसाला दारातून परत बोलवायची आणि पुरतं बरं वाटल्याचं वदवून घेऊनच सोडायची.

पण तिची खरी जाहिरात म्हणजे कस्तुरी. निपाणीच्या यल्लाप्पाची, म्हणजे शालनच्या धाकट्या भावाची ही पोर. चारशे मीटर पळायची, आणि अशी पळायची की बघणाऱ्यानं हातातला चहा विसरावा. दहावीनंतर शालननंच तिला बेंगळूरला आणलं, स्वतःच्या घरात ठेवलं, जयसिंगराव नावाच्या कोचकडं घातलं. दोन वर्षांमागं सरावात कस्तुरीच्या उजव्या मांडीमागचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले भरून आलंय, फोटोतही काही दिसेना, पण पळायला लागलं की दुखायचं. मग शालननं सुया धरल्या. शर्यतीच्या आधी कस्तुरी टेबलावर पालथी पडायची, टेबलाला तोंडापाशी असलेल्या भोकात चेहरा घालायची, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत सुया घेऊन उठली की म्हणायची, "गेलं आत्या." जयसिंगरावांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण पोरगी पळतेय म्हटल्यावर तेही म्हणाले, "टोचा बाई, टोचा. माझं काय जातंय?"

आता भाची पोसायची म्हणजे काय नुसती माया असते? निपाणीच्या बाजूला भावानं मुलगी द्यायची ती आधी बहिणीच्या घरी. तो आत्याचा हक्क. आत्यानं नको म्हटलं तरच पोरीला बाहेरचं स्थळ. आणि शालनचा महांतेश लग्नाचा होता. इंदिरानगरात एका कंपनीत नोकरीला, स्वभावानं गरीब, इतका गरीब की आईनं ताट पुढं ठेवल्याशिवाय भूक लागलीय हेही त्याला कळायचं नाही. असल्या पोराला बाहेरची कोण मुलगी देणार, आणि दिली तरी ती शालनसमोर किती दिवस टिकणार? शालनला हे चांगलं ठाऊक होतं. तिनं कस्तुरी पंधरा वर्षांची असतानाच हेरून ठेवली होती.

राज्याच्या निवड चाचणीला आठवडाही उरला नव्हता. पहिल्या दोघींना राष्ट्रीय शिबिराला पतियाळ्याला जायला मिळणार होतं. एकदा पोरगी तिकडं गेली की कुठली आत्या आणि कुठला महांतेश? म्हणून शालननं रविवार गाठला. यल्लाप्पाला निपाणीहून बोलावून घेतलं, नारळ, साडी आणि सुपारी घेऊन ये म्हणाली, कस्तुरीला सांगू नको म्हणाली. यल्लाप्पा बहिणीपुढं लहानपणापासून मान खाली घालत आलेला. आला बिचारा.

कस्तुरी टेबलावर पालथी होती. शालननं नेहमीपेक्षा जास्त सुया टोचल्या. मांड्यांना, पोटऱ्यांना, कमरेला, पाठीलासुद्धा. मग म्हणाली, "हलायचं नाही हं. एखादी आत वाकली तर मला सांगू नकोस," आणि दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. यल्लाप्पा आला, महांतेश आला, आणि साक्षीला म्हणून बाहेर नंबर लावून बसलेल्या दोन गुडघेवाल्या बायकाही आल्या. चड्डीवर पालथ्या पडलेल्या तरण्या लेकीकडं बघायचं कसं, म्हणून यल्लाप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला.

"कोण आलंय आत्या?" कस्तुरीनं खाली जमिनीकडं बघतच विचारलं.

"तुझा बाप आलाय. सुपारी फोडायला."

"कुणाची?"

"तुझी आणि महांतेशची. दुसऱ्या कुणाची?"

कस्तुरी उठायला गेली आणि जागच्या जागी कळवळली. पाठीतल्या सुया ओढल्या गेल्या. "सुया काढ आत्या," ती म्हणाली.

"काढते की. आधी होय म्हण. बाप एवढ्या लांबून आलाय, त्याला उभा ठेवतीस होय?"

"परवा चाचणी आहे माझी."

"म्हणूनच तर. ठरलेलं बरं असतं, मन शांत राहतं."

"अण्णा, तू तरी बोल की!" कस्तुरी बापाला म्हणाली. यल्लाप्पा कॅलेंडराचं पान उलटून पुढचा महिना बघायला लागला. गुडघेवाल्या बायकांतली एक उगीचच कानडीत "सरी, सरी", बरोबर आहे, म्हणाली. पाठीत पुन्हा कळ आली तशी कस्तुरी दात आवळून म्हणाली, "होय. होय म्हटलं. काढ आता."

शालननं आधी बत्त्यानं सुपारी फोडली. मग चक्क टेबलाखाली बसली, हात वर केला आणि भोकातून खाली लोंबणाऱ्या त्या चेहऱ्याला कुंकू लावलं. भाचीच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं. ते तिनं पदराला पुसलं आणि मग कुठं सावकाश एकेक सुई काढायला घेतली.

यल्लाप्पा संध्याकाळच्या बसला निघून गेला. तो गेल्यावर कस्तुरीनं स्पिरिटच्या बोळ्यानं कपाळ घासलं, लाल होईस्तोवर घासलं, आणि शालनच्या तोंडावर म्हणाली, "मी होय म्हटलं ते सुया काढाव्यास म्हणून. यादीत नाव लागलं की मी चालले. परत या घराची पायरी चढणार नाही. तुझ्या महांतेशला दुसरी बघ."

महांतेश तिथंच होता. पेढा त्याच्या तोंडात तसाच राहिला, गिळावा की थुंकावा हे त्याला कळेना.

शालननं पदर खोचला. आत जाऊन भांडी घासत बसली. भांड्यांनी सगळं सोसलं. माझं अन्न खाऊन, माझ्या छपराखाली वाढून माझ्याच तोंडावर! अगं भवाने, ते पाय कुणाचे? माझी सुई नसती तर तू निपाणीत शेण गोळा करत असतीस! आणि हे मनात येताच तिचा हात थांबला. खरंच की. सुई नसती तर. उघड नाही म्हणायची तर सोयच नव्हती. उद्या यल्लाप्पा विचारेल, जयसिंगराव बोंब मारतील, गल्लीत तोंडाला काळं लागेल. पण न टोचताही टोचता येतं. सुई येते ती प्लास्टिकच्या बारीक नळीत. नळी कातडीवर ठेवायची, वर बोटानं टिचकी मारायची, सुई आत जाते आणि नळी काढून घ्यायची. माणसाला कळते ती टिचकी. सुई नसली तरी टिचकी तीच. आणि पालथ्या माणसाला मागचं काय दिसतंय?

चाचणीच्या दिवशी सकाळी प्राथमिक फेरी होती आणि संध्याकाळी अंतिम. स्टेडियमच्या गॅलरीखाली सावलीत चटई टाकून कस्तुरी पालथी पडली. घरी ती आत्याशी बोलत नव्हती, पण मांडी पुढं करायला तिला लाज वाटली नाही. हे शालनला फार झोंबलं. एरवी कदाचित ऐन वेळी तिचं मन विरघळलं असतं. तिनं सगळ्या सुया पाकिटात मागं सारल्या आणि रिकामी नळी मांडीवर ठेवून टिचकी मारली. मग दुसरीकडं. मग पोटरीवर. वरून हलका टॉवेल टाकला आणि बसून राहिली.

थोड्या वेळानं कस्तुरीनं मोठा श्वास सोडला. "उतरलं बघ. मोकळं झालं."

शालनला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात धरला. वेडे, आता पळ आणि बघ काय मोकळं झालंय ते! नसलेल्या सुया काढल्याचं नाटकही तिनं नीट केलं, प्रत्येक जागी कापसाचा बोळा दाबला.

मग ती वर गॅलरीत जाऊन अगदी पुढच्या ओळीत बसली, चांगलं दिसावं म्हणून. पोरगी वळणावर लंगडेल, मांडी धरेल, खाली बसेल, आणि मग आपण पायऱ्या उतरून जाऊ, डोकं मांडीवर घेऊ, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. शर्यत सुटली. कस्तुरी पहिलं वळण गेली, सरळ पट्टा गेली, दुसऱ्या वळणावर तर बाकीच्या पोरी तिच्या मागं कुठंतरी राहून गेल्या. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वेळ होती. लाऊडस्पीकरवर तिचं नाव कानडीत आणि इंग्रजीत दोनदा पुकारलं. आजूबाजूचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शालन बसूनच राहिली.

मग इतकी वर्षं काय केलं आपण? त्या मानवाल्या पोरांना, त्या गुडघेवाल्या बायकांना आपण काय दिलं? नुसती टिचकी?

खाली गेली तर कस्तुरीनं सगळं भांडण विसरून तिला मिठी मारली. घामानं ओली, धापा टाकत, लहान पोरीसारखी हसत. "आत्या! अजिबात दुखलं नाही गं! एक कळ नाही! रविवारचं सोड, मी चुकून बोलले. तुझा हात म्हणजे हात आहे!" जयसिंगराव तर हात जोडूनच आले. "बाई, आजपासून मी मानलं तुम्हाला. संध्याकाळी असंच टोचा. हिचं नाव लागलं म्हणून समजा." दुसऱ्या जिल्ह्याच्या दोघी पोरी लांबून "अक्का, आम्हालाही बघाल का" म्हणून विचारून गेल्या.

शालनला आयुष्यात एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं. आणि तरी डब्यातली भाकरी तिनं तशीच झाकून ठेवली. पोरीनं चुकले म्हटलं होतं, मिठी मारली होती, दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. पण शालनला दिसत होतं ते एवढंच, की टोचलं तरी ही जिंकणार, न टोचलं तरी जिंकणार, आणि जिंकली की जाणार. चुकले म्हणाली, राहते कुठं म्हणाली?

दुपार कलल्यावर कस्तुरी पुन्हा चटईवर पालथी पडली. "टोच आत्या," ती म्हणाली, अगदी लाडानं. शालननं नळी हातात घेतली. फिरवली. मग ती खाली ठेवून पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"कस्तुरी, एक सांगू का? सकाळी मी तुला सुई टोचलीच नव्हती."

"हं?"

"नुसती नळी टेकवत होते. ही बघ." तिनं कस्तुरीचा हात ओढून तळव्यावर रिकाम्या नळीची टिचकी मारली. "अशी. आत काही नाही. डोळ्यानं बघ."

कस्तुरी उठून बसली. तळव्याकडं बघितलं, नळीकडं बघितलं. तिला अजून हसूच येत होतं. "मग दुखलं कसं नाही?"

"दुखलं असणारच की. तुला कळलं नाही एवढंच. स्नायू एकदा फाटला की फाटलेलाच असतो गं. सुईशिवाय तू त्याच्यावर एवढं पळलीस, आत काय काय झालं असेल देव जाणे. मला आपलं राहवेना म्हणून सांगितलं."

कस्तुरीचं हसू हळूहळू गेलं. तिचा हात आपोआप मांडीच्या मागं गेला आणि तिथं चाचपायला लागला. "का केलंस असं?" तिनं विचारलं.

"तू नाही का, होय म्हणालीस आणि फिरलीस? मी टोचते म्हणाले आणि टोचलं नाही. झाली की फिट्टंफाट."

"टोच. आत्ता टोच. खरी टोच!" कस्तुरीचा आवाज चिरकला.

"आता कुठं? बोलावणं आलंय बघ," शालन म्हणाली आणि चटई गुंडाळायला लागली. खरंच नावं पुकारत होते. कस्तुरी उठली. चटईपासून ट्रॅकपर्यंत जातानाच तिची चाल बदलली होती. उजवा पाय टेकताना ती जपून टेकत होती.

शर्यत सुटली तेव्हा मात्र ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. पहिलं वळण पुढं, सरळ पट्ट्यावर पुढं. वर शालन कठड्यावर वाकली. आता ही अशीही जिंकते की काय कार्टी! मग दुसरं वळण आलं आणि कस्तुरीनं एकदा मागं मांडीकडं हात नेला. कुणाला दिसलंही नसेल इतका पटकन. पुढच्याच पावलाला पुन्हा नेला. मग ती लंगडली, मग चालायला लागली, आणि सगळ्या पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या. जयसिंगराव कठड्यावरून ओरडत होते, "चल गं! काही झालेलं नाही! चल!" कस्तुरी रेषेपर्यंत चालत गेली आणि तिथं खाली बसली.

बरं झालं. शालनच्या मनात पहिला शब्द आला तो हाच, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. कितीतरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला. ती टॉवेल घेऊन पायऱ्या उतरली, पोरीजवळ बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, सगळं मनात मांडलं होतं तसंच केलं. कस्तुरी रडली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "घरी चल आत्या."

जयसिंगरावांनी स्वतः तिला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. मशीनमध्ये घालून फोटो काढले. काहीही निघालं नाही. मांडी चांगली होती, धडधाकट होती. कस्तुरी म्हणाली, दुखतंय. पुढच्या चाचणीपर्यंत थांबू म्हणून त्यांनी वाट बघितली आणि मग दुसऱ्या पोरींच्या मागं लागले. तुळशीचं लग्न झाल्यावर यल्लाप्पानं निपाणीत लग्न लावून दिलं. कस्तुरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लावा. मी आता कुठं जाणार?" महांतेशनं नवीन शर्ट घातला आणि आईनं सांगितलं तिकडं तोंड करून बसला.

शालनला हवं होतं ते सगळं मिळालं. सून घरात आली, स्वयंपाक करायला लागली, उलट शब्द नाही. फक्त लंगडायची. आता शालनच्या मनात आलं, हिची मांडी बरी करून टाकू. आपलीच सून, आपल्याच दारात लंगडते, येणारे-जाणारे काय म्हणतील? तिनं चांगल्यातल्या चांगल्या सुया काढल्या, जुनी पुस्तकं काढली, डॉक्टरीणबाईंना फोन करून जागा विचारून घेतल्या. मनापासून टोचलं, आयुष्यात कुणाला टोचलं नसेल इतकं जीव लावून टोचलं. आणि कस्तुरी उठून अगदी नम्रपणे म्हणाली, "नाही आत्या. आहे तसंच."

नाटक करते, शालनला वाटलं. सूड उगवते सटवी. म्हणून ती दबा धरून बसायला लागली. कस्तुरी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की जिन्याच्या आडून बघायची. गच्चीवर चिटपाखरू नसायचं. आणि कस्तुरी बादली उचलून उजवा पाय ओढत ओढत दोरीपर्यंत जायची, मधे थांबून मांडी दाबायची, ओठ चावायची. शालन पाऊल न वाजवता जिना उतरायची. नाटक असतं तर फार बरं झालं असतं. थोबाडीत मारून ते बंद तरी करता आलं असतं.

आता रोज सकाळी क्लिनिक भरतं तेव्हा त्यात कस्तुरीही असते. हिला एकटीलाच घ्यावं, दार लावून घ्यावं असं शालनला वाटतं, पण मल्लेश्वरमच्या बायका आधीच शेजारच्या टेबलांवर पाय पसरून पडलेल्या असतात, त्यांच्या गुडघ्यांत सुया असतात, त्यांना उठवणार कसं? कस्तुरी पालथी पडते, भोकात तोंड घालते. शालन नळी ठेवते, टिचकी मारते. आणि रोज, अगदी साध्या आवाजात, राग नाही, रडू नाही, पोरगी खालून विचारते, "आत्या, आज सुई आहे ना आत?"

"आहे गं. आहे," शालन म्हणते.

शेजारच्या टेबलावरची बाई मान उचलते आणि स्वतःच्या गुडघ्याकडं बघत राहते.